पोके मोजणारी येसूकाकी

मागच्या महिन्यात डोळे तपासून घ्यायला गेले होते. या वयात वर्षातून एकदा जावं लागतं. एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवतात, मधल्या ठिपक्याकडे टक लावून बघायला सांगतात, आणि कडेला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी दिवे शोधायला लागले तशी यंत्रावरची मुलगी म्हणाली, "आजी, नजर मधेच ठेवा. इकडेतिकडे बघू नका." आणि मला येसूकाकी आठवली. इतकी लख्ख आठवली की बटण दाबायचं राहून गेलं. मुलीला सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागली.

येसूकाकी म्हणजे यशोदा पिलणकर. ऐंशीच्या दशकात मी काही वर्षं रत्नागिरीत नोकरीला होते. मांडवीच्या बाजूला एका भाड्याच्या कौलारू घरात आमची लहानशी प्रयोगशाळा होती. प्रमुख डॉ. केळुस्कर, संशोधन सहायक मी, एक कारकून, एक शिपाई आणि नमुने निवडायला येसूकाकी, एवढाच संसार. संस्थेचं नाव सांगत नाही. ती आता नाहीही.

काम असं होतं. रत्नागिरीपासून तासाभरावर वेळसई नावाचं गाव आहे, येसूकाकीचं गाव. तिथली खाडी डोंगराच्या कुशीत शिरलेली. बाहेर समुद्र कितीही खवळला तरी आत पाणी निजल्यासारखं. असल्या आडोशाच्या पाण्यात बारीक कवचधारी जीव कुठे किती राहतात, मुखाशी किती, मध्यावर किती, आत तिवरांच्या मुळांशी किती, हे बघायचं होतं. जवळा सगळ्यांना ठाऊक असतो. जवळ्याहून बारीक, तिळाएवढे, राजगिऱ्याएवढे जीव त्या पाण्यात असतात आणि कोळंबीच्या पिलांपासून बोयर माशांपर्यंत सगळे त्यांच्यावर जगतात. मुखापासून आतपर्यंत आम्ही सहा जागा ठरवल्या होत्या. दर महिन्याला होडीतून जायचं, प्रत्येक जागी बारीक जाळं ओढायचं, जे येईल ते बाटलीत भरून औषधात बुडवून आणायचं. मग एकेक बाटली ताटलीत ओतून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून, जातवार निवडायची आणि मोजायची. हे शेवटचं काम येसूकाकीचं.

ती तिथे आली कशी, ते डॉ. केळुस्करांकडून ऐकलेलं. ते रत्नागिरीच्या बाजारात सुका जवळा घ्यायला गेले होते. एका बाईच्या टोपलीतल्या जवळ्यात रेतीचा कण नाही, खेकड्याचं पिल्लू नाही, काडी नाही. त्यांनी मूठभर हातात घेऊन उलटसुलट बघितला, पुन्हा बघितला. बाई वैतागली.

"निवडलाय ह्या बोटांनी. घेयाचा आसंल तर घ्या, नायतर बाजू व्हा. मागं मान्सा हायत."

डॉक्टरांनी जवळा घेतलाच, आणि पुढच्या आठवड्यात बाईलाही प्रयोगशाळेत आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी खाडीचं ताजं पाणी भिंगाखाली ठेवलं. तिने डोळा लावला, झटकन मागे घेतला, ताटली उचलून खाली कोणी लपलंय का ते बघितलं आणि पुन्हा डोळा लावला. मग बराच वेळ उठेना. शेवटी म्हणाली, "आमी वरना वल्ही मारत जातंव, नि ही खाली वल्ही मारतायत. आमाला कोन बोल्ला नाय कदी."

तेव्हापासून त्या लांब मिशांच्या जीवांना ती 'वल्हेकरी' म्हणायची. मी नवी होते तेव्हा हसले होते. पुढे परिभाषेचा कोश चाळताना त्यांचं शास्त्रीय मराठी नाव सापडलं, 'अरित्रपाद'. अरित्र म्हणजे वल्हं. पंडितांना संस्कृतात जावं लागलं, तेच तिला एका सकाळीत दिसलं होतं.

तिने सगळ्यांची नावं ठेवली होती. लांब मानेच्या एका पारदर्शक कोळंबीला 'उंटीण'. आणि ज्याच्या पाठीला पोक होतं, जो औषधात मेल्यावरही स्वल्पविरामासारखा वाकून पडायचा, तो 'पोक्या'. पोके शेवाळात आणि तिवरांच्या मुळांशी राहत, म्हणून आतल्या तीन जागांच्या बाटल्यांत भरपूर असत. तिचा त्यांच्यावर जीव होता. "गरीब बापडो. मान वर करून कदी बगलान नाय," असं म्हणून ती त्याला चिमट्याने अलगद बाजूला घ्यायची.

तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास असेल. काळीसावळी, हाडापेराने मोठी, नऊवारी कासोट्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खुर्ची तिला मानवत नसे. उंच स्टुलावर एक पाय दुमडून, एक खाली सोडून बसायची आणि तशी दोन-दोन तास हलायची नाही. सहीपुरतं लिहिता येत होतं, आकडे शंभरापलीकडे येत नव्हते. पण तिची वीसांची मोजणी होती. वीस झाले की एक शिंपली करवंटीत टाकायची. बाटली संपली की ओरडायची, "घाटीन, लिव गो! पोके सात ईस नि अकरा." मी साताऱ्याची, म्हणून घाटीण. मी गुणाकार करून वहीत एकशे एक्कावन्न लिहायची.

एका गोष्टीसाठी मात्र ती भांडायची. एखाद्या बाटलीत एखादी जात सापडली नाही की मी ती चौकट रिकामी सोडायची. तिने एकदा ते बघितलं.

"हयसर काय लिवलंस नाय?"

"मिळालेच नाहीत ना काकी, मग काय लिहू?"

"नाय तर 'नाय' लिव. मोकली जागा सोडू नको. मोकल्या जाग्येत उद्या कोनपन कायपन लिवंल."

तेव्हापासून आमच्या वहीत शून्यं यायला लागली. सुरुवातीला थोडी होती.

औषधाचा वास तिच्या हातांतून जात नसे. लिंबू चोळून, राख चोळून झाली. म्हणायची, "माजा मांजार आता माज्याजवल येत नाय. म्हनतंय, ही कसली मासेवाली!" आणि स्वतःच खो खो हसायची. डबा खाताना ती घास दोन बोटांच्या टोकांनी उचलायची. तिच्याच माशांच्या आमटीला औषधाचा वास लागू नये म्हणून. एकदा मी चमचा दिला. तिने तो उलटापालटा करून बघितला आणि परत दिला. "च्यमच्यानं कालवन खायाला मी काय आजारी हाय?"

दोन वर्षं अशी बरी गेली. मग वेळसईच्या खाडीत धक्का बांधायचं ठरलं. आत, तिवरांच्या बाजूला, भराव घालायचा, त्यावर धक्का, बर्फाचा कारखाना, मोठ्या होड्यांना नांगरायला जागा. गावात आनंदच झाला. लोकांना कामं मिळणार होती. येसूकाकीचा मुलगा वसंत मुंबईला एका गिरणीत होता. गिरण्यांचा संप झाला तेव्हा परत आला, आणि वर्षभर ओटीवर बसून होता. कंत्राटदाराने त्याला माती वाहणाऱ्या बार्जवर घेतलं. येसूकाकीने सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले.

भरावाचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि सहा-सात महिन्यांत आमच्या वहीत फरक दिसायला लागला. सगळ्यात आतल्या, सहाव्या जागेच्या बाटलीत पोके कमी झाले. चार वीस, मग एक वीस, मग सात, मग नाही. पुढे पाचव्या जागेत तेच सुरू झालं. पाठोपाठ कोळंबीची पिलं घटली. येसूकाकी ताटली फिरवून फिरवून बघायची. एकच बाटली तीनदा निवडायची.

"लिव," ती म्हणायची. आवाज खाली आलेला असायचा. "पोके नाय."

एक दिवस दुपारी वसंत प्रयोगशाळेत आला. पायरीवरच उभा राहिला. माझ्याशी बोलला नाही, आईशी बोलला, पण मला ऐकू जाईल असं.

"आये, गावात बोलतायत, तुमच्या हिशेबानं काम बंद होयाचा. दुसरा टप्पा मंजूर नाय झाला तर माजी नोकरी जाईल."

"मग मी काय करू?"

"दोन-चार ईस जास्ती सांगितलेस तर काय बिगाडतंय? कोन येनार हाय बगायला? भिंग काय बोलतंय?"

येसूकाकीने ताटलीवरून मान वर केली नाही. "वश्या, तुला मी नव म्हयने पोटात घेतला. तेव्हा कोन बगायला आला व्हता? पन तू व्हतास ना?" मग म्हणाली, "जा आता. बाटली उघडी हाय."

तो गेल्यावर तिने ती बाटली पुरी केली आणि घरी जायला उठली. दाराशी तिचा खांदा चौकटीवर जोरात आपटला. मला वाटलं, मन थाऱ्यावर नसेल.

पण ते पुन्हा झालं. टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी आपटली. कडेला ठेवलेली बाटली तिच्या कोपराने पडली, सगळ्या खोलीत औषध सांडलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही पुसत बसलो. पायरीवरून दोनदा पाय सुटला. शिपाई मागून म्हणायला लागला, "काकीला आंधळेपन आला." पण भिंगाखाली ती पूर्वीसारखीच होती. माझ्या हातून निसटलेली एक उंटीण तिने ताटलीच्या काठाशी शोधून काढली होती, त्याच आठवड्यात.

मी तिला चिपळूणला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. यायला तयार नव्हती. "यष्टीत मला उलटी येते," हे कारण. मी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या आणि नेलंच. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. त्यांनी समोर बसून तिला "माझ्या नाकाकडे बघा" असं सांगितलं आणि एका काडीच्या टोकावरचा पांढरा मणी कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला. "दिसला की सांगा." मणी कानाशी आला, गालाशी आला, डोळ्याच्या कोपऱ्याशी आला. ती गप्प. अगदी तिच्या नाकासमोर आला तेव्हा म्हणाली, "हा काय."

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना, बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. बाजूची नजर गेलेली आहे, ती परत येत नाही. मधली शाबूत आहे. थेंब घातले तर अजून काही वर्षं टिकेल.

"त्या सूक्ष्मदर्शकावर काम करतात," मी म्हटलं.

"मग तेवढं काम त्या तुमच्यामाझ्याइतकंच नीट करू शकतील. ते वर्तुळ तेवढंच असतं ना? त्यांची नजर आता तेवढीच आहे. फक्त उठून चालायला लागल्या की सांभाळा."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. संगमेश्वर मागे पडलं. मग म्हणाली, "म्हंजे मी आता भोकातना बगतंय."

"हो काकी."

"भोकातनाच बगायची ना मी. तुमच्या यंतराच्या." आणि मग, "कोनाला बोलू नको गो. शिपाय आदीच हसतंय."

मी कबूल केलं. आणि इथून पुढचं माझं आहे, ते सांगायलाच हवं.

आमच्या खोलीत उजेड कमी होता. तिच्या स्टुलाला पाठ नव्हती. तिला बरं पडावं म्हणून मी डॉ. केळुस्करांच्या नावे अर्ज लिहिला. एक चांगला दिवा आणि पाठीची खुर्ची मिळावी. असले अर्ज वर्ष वर्ष पडून राहतात हे मला माहीत होतं. म्हणून जरा जोर देऊन लिहिलं. 'श्रीमती यशोदा पिलणकर यांची दृष्टी काचबिंदूमुळे अत्यंत अधू झाली असून त्यांना काम करणे दिवसेंदिवस अशक्य होत आहे.' मधली नजर शाबूत असल्याचं लिहिलं नाही. दिव्याच्या अर्जात ते कशाला लिहायचं? तिला दिलेला शब्द मोडतोय असंही तेव्हा वाटलं नाही. कागदच तर आहे, असं वाटलं.

अर्ज मंजूर झाला. खुर्ची नाही, पण दिवा आला. वाकवता येणाऱ्या मानेचा, पांढऱ्या उजेडाचा. येसूकाकी त्याला 'बगळा' म्हणायची. सकाळी आल्याबरोबर त्याची मान पुसायची. "आता पोक्या असला तर लपनार नाय," म्हणायची. पोक्या नव्हता. तोवर चौथ्या जागेतही नव्हता.

दुसऱ्या टप्प्याआधी वेळसईच्या शाळेत सुनावणी ठेवली. डॉ. केळुस्करांनी अहवाल तयार केला होता आणि तो चांगला होता. भराव असाच वाढला तर आतल्या पाण्यातले हे जीव संपतील, त्यांच्यामागोमाग कोळंबी आणि जवळा जाईल, काम इथेच थांबवावं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मोजणी ज्यांनी केली त्यांनाही हजर ठेवा, असा निरोप आला होता. आमच्या योजनेची सगळी फाईल आधीच मागवून नेली होती. मला तेव्हाही काही सुचलं नाही.

वर्ग भरलेला होता. मुलांच्या बाकांवर गावकरी, समोर टेबलाशी एक सरकारी साहेब, बाजूला कंत्राटदाराचा माणूस. वसंत मागच्या भिंतीला टेकून उभा. येसूकाकी नवं लुगडं नेसून आली होती. डॉ. केळुस्करांनी आकडे वाचले. गावातले दोन-तीन म्हातारे माना डोलवत होते. एक जण बोललाही, "खरा हाय. बोयरा नाय मिलत हल्ली."

मग कंत्राटदाराचा माणूस उठला. उर्मट नव्हता. अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, एकच विचारायचं आहे. हे जीव किती बारीक असतात?"

"पोके जेमतेम तिळाएवढे," डॉक्टर म्हणाले.

"आणि ते मोजले या बाईंनी?" त्याने साहेबांसमोरची आमची फाईल उघडली आणि माझा अर्ज वाचून दाखवला. माझ्याच शब्दांत. माझी सहीसुद्धा वाचली.

वर्गात कुजबुज झाली. साहेबांनी येसूकाकीकडे बघितलं. "बाई, जरा पुढे या."

ती उठली. बाकांच्या दोन रांगांमधून टेबलापर्यंत पंधरा-वीस पावलं असतील. तिची नजर साहेबांवर होती, सरळ, अगदी मधोमध. मी उठेपर्यंत ती पुढे गेली होती. वाटेत तिसरा बाक थोडा बाहेर आलेला होता. तिची मांडी त्याच्यावर आपटली आणि ती सगळ्यांसमोर तोंडावर पडली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं मला नंतर वाटलं. सगळे 'अरेरे' म्हणाले. वसंत भिंतीपासून धावत आला, तिला उठवलं, कपाळाचं रक्त आपल्या खिशातल्या रुमालाने पुसलं.

मी उभी राहिले. म्हटलं, त्यांची मधली नजर चांगली आहे, मोजणी बरोबर आहे, अर्ज मी लिहिला, तो दिव्यासाठी होता. माझा आवाज इतका कापत होता की मलाच तो खोटा वाटला. साहेब म्हणाले, "तुमची भावना समजते, बाई. बसा." मग त्यांनी डॉ. केळुस्करांकडे बघितलं. डॉक्टरांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "आकड्यांची फेरतपासणी करून घ्यावी लागेल." आणि अहवाल परत घेतला.

बाहेर वडाच्या पारावर येसूकाकी बसली होती. कपाळावर हळद दाबलेली. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"घाटीन?" तिने विचारलं. मी बाजूला होते, तिला दिसत नव्हते. मी समोर गेले.

"तू माज्या दिव्यासाटीच लिवलंस ना?"

"हो."

"दिवा चांगला हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दहाला हजर. डॉ. केळुस्कर आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. कारकुनाकडून मला निरोप आला, बाईंना सांगा, आता नको. मी सांगितलं.

"पन चार बाटल्या रवल्यात ना अजून?"

"राहू देत काकी."

ती मोरीशी गेली, सगळ्या ताटल्या घासल्या, एकेक पुसून फळीवर पालथ्या मांडल्या. चिमटे धुऊन फडक्यात गुंडाळले. दाराशी आली तेव्हा चौकटीला हात लावून, चाचपून, बाहेर पडली. आमच्यासमोर तिने तसं कधी केलं नव्हतं. तोवर ती लपवत असे.

फेरतपासणी मी केली. कोणी सांगितलं नव्हतं. रोजचं काम संपल्यावर आणि रविवारी, तीन महिने, भरावाआधीपासूनच्या सगळ्या बाटल्या मी त्याच बगळ्याखाली पुन्हा निवडल्या. माझे डोळे दुखायचे. तिच्या आकड्यांत आणि माझ्या आकड्यांत वीसात एखाददुसऱ्याचा फरक पडला, तोही बहुतेक माझ्याच चुकीने. जिथे तिने 'नाय' म्हटलं होतं, तिथे नव्हतेच. एकाही बाटलीत नव्हते.

तक्ता घेऊन मी डॉ. केळुस्करांच्या घरी गेले. तेव्हा ते निवृत्त होऊन अंगणात अबोलीला पाणी घालत होते. त्यांनी तक्ता हातात घेतला, पहिलं पान बघितलं, दुसरं उलटलंही नाही.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"मग सर?"

"मग काय. आता भराव पडला."

खरंच पडला होता. दुसरा टप्पा पुरा होत आला होता. मी तक्ता दोन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून पोच आली. प्रयोगशाळा पुढच्या वर्षी बंद झाली. बाटल्यांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शिपायाने त्या मागच्या आवारात ओतल्या आणि बाटल्या भंगारवाल्याने नेल्या. मी तिथे होते.

मी वेळसईला शेवटची गेले ती रत्नागिरी सोडायच्या आधी, निरोप घ्यायला. येसूकाकी ओटीवर सुपात जवळा घेऊन बसली होती. आता बोटांनीच निवडत होती, डोळे समोरच्या भिंतीवर. थेंब घालणं केव्हाच सोडलेलं. "चुरचुरतंय मेला, नि दिसत कायच नाय," म्हणाली. जवळा खाडीतला नव्हता. खाडीत गाळ साचला होता, आडोशाच्या पाण्यात आता शेवाळसुद्धा धरत नव्हतं. जवळा रत्नागिरीच्या बाजारातून विकत आणून, निवडून, पुन्हा तिथेच विकायची. बर्फाचा कारखाना झाला नव्हता. धक्क्याचं काम संपलं तशी वसंतची नोकरीही संपली, तो परत मुंबईला गेला, आणि आता पत्र येत नव्हतं.

मी तिला सांगितलं. "काकी, मी सगळ्या बाटल्या पुन्हा मोजल्या. तुमचं सगळं बरोबर निघालं."

तिची बोटं थांबली नाहीत. "माला काय सांगतंस? माला म्हायती व्हता." मग एक बारीक खडा काढून तिने बाजूला टाकला. "त्येंना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

तिने सूप पाखडलं. म्हणाली, "च्या घेतंस?"

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. पुण्याला नोकरी मिळाली होती, सामान आधीच गेलं होतं, मी सकाळच्या जलद एसटीने निघाले. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या सपाटीवर, वेळसईचा फाटा लागतो. तिथे जांभ्या दगडाची एक शेड आहे, पण जलद गाडी तिथे थांबत नाही. येसूकाकी शेडच्या बाहेर उभी होती. डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला. आमच्या गाडीचा आवाज ऐकून तिने दुसरा हात पुढे केला. ऊन चढलेलं होतं, रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

गाडी तिच्यासमोरून तशीच पुढे गेली. मी मागच्या बाकावर होते. घंटीची दोरी माझ्या डोक्यावरच लोंबत होती. ओढली असती तर ड्रायव्हरने ब्रेक मारला असता, कंडक्टर ओरडला असता, आणि मला उतरून तिच्यासमोर, अगदी मधोमध, जाऊन उभं राहावं लागलं असतं. मी ओढली नाही. मागच्या काचेतून बघत राहिले. धुरळा बसला तरी तिचा हात पुढेच होता. गाडी गेली हे तिला ऐकू आलं असणार, तरीही होता. मग वळण आलं.